विश्लेषण : दहा दिवसांची परदेशी ‘मिशन ट्रिप’… मदत नेमकी कोणाला?

अमेरिकेत जून महिना लागला की विमानतळांवर एक दृश्य हमखास दिसते. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पंधरा-वीस मुले-मुली, सोबत चर्चचे एक-दोन ज्येष्ठ, बॅगांमध्ये औषधे, खेळणी, रंगाचे ब्रश आणि हातात होंडुरास, ग्वाटेमाला, केनिया किंवा युगांडाचे तिकीट. या प्रवासाला ‘शॉर्ट टर्म मिशन’ किंवा बोली भाषेत ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी २००५ च्या सुमारास केलेल्या पाहणीच्या आधारे मांडलेला अंदाज असा, की वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकी चर्च सदस्य अशा परदेशवारीला जातात. एवढ्या हातांनी दरवर्षी घरे बांधली, शाळा रंगवल्या, रुग्ण तपासले तर गरीब देशांचे चित्र थोडे तरी बदलायला हवे. ते बदलते का?

आपल्याकडे मिशनरी हा शब्द उच्चारला की चर्चा थेट धर्मांतरावर जाते आणि तिथेच अडकून पडते. तो वाद वेगळा आहे. इथे मुद्दा त्याआधीचा आहे. ज्या गावाची भाषा येत नाही, ज्या कामाचे शिक्षण नाही, अशा ठिकाणी दहा दिवस जाऊन केलेली सेवा त्या गावाच्या पदरात काय टाकते? हा प्रश्न सर्वांत धारदारपणे विचारला आहे तो नास्तिकांनी किंवा अन्य धर्मीयांनी नाही, तर श्रद्धावान ख्रिस्ती अभ्यासकांनी. त्यांच्या उत्तरांकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. खोट या तरुणांच्या हेतूत क्वचितच असते. खोट या प्रवासाच्या रचनेत आहे, कारण तो संपल्यावर जाब विचारायला गावात कोणी उरतच नाही.

मिशन ट्रिप ठरते कशी?

सुरुवात होते पत्रापासून. जाणारा तरुण नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, चर्चमधल्या ओळखीच्या लोकांना पत्र लिहितो. हल्ली ऑनलाइन देणगीचा दुवा पाठवतो. ‘माझ्या प्रवासासाठी प्रार्थना करा आणि जमल्यास पैसे द्या’ असा त्याचा मतितार्थ. केक विकणे, गाड्या धुऊन देणे असे उद्योगही होतात. साधारणपणे एका माणसामागे दोन-तीन हजार डॉलर उभे राहतात आणि त्यातला मोठा वाटा विमानाच्या तिकिटात जातो. तिथे पोहोचल्यावर सकाळी बांधकाम किंवा रंगकाम, दुपारी मुलांचे खेळ आणि बायबलमधल्या गोष्टी, संध्याकाळी सामूहिक प्रार्थना. संवाद दुभाष्यामार्फत. शेवटचे एक-दोन दिवस समुद्रकिनारा किंवा बाजारहाट. परतल्यावर रविवारी चर्चमध्ये फोटो दाखवून अनुभवकथन.

आपल्याकडच्या कॉलेजांतले ‘एनएसएस’चे शिबिर आठवले तर चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. तेच श्रमदान, तीच गाणी, तोच शेवटच्या रात्रीचा गहिवर. फरक इतकाच की एनएसएसची मुले एसटीने जातात, गावकऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलतात, आणि बांध चुकीचा घातला तर सरपंच तोंडावर सांगतो.

फोटोंवरून तर बरीच थट्टा झाली आहे. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर ‘बार्बी सेव्हिअर’ नावाचे विडंबन खाते अवतरले. बार्बी बाहुली आफ्रिकेत जाऊन काळ्या मुलांबरोबर सेल्फी काढते आणि खाली भावुक ओळी लिहिते, एवढीच त्याची कल्पना. ते खाते पाहता पाहता जगभर पोहोचले, कारण अनेकांना त्या बाहुलीत आपला फोटो दिसला.

पहिला मुक्काम मुंबई

अमेरिकेच्या परदेशी मिशनरी कार्याचा इतिहास महाराष्ट्राला वळसा घालून सांगताच येत नाही. १८१० मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन बोर्ड’ने १८१२ मध्ये आपली पहिली तुकडी जहाजाने पूर्वेकडे धाडली. ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे नको होते. कोलकात्याहून त्यांना परत जाण्याचे हुकूम सुटले. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. इथूनही त्यांना घालवण्याची तयारी होती, पण अखेर राहू दिले गेले आणि ‘अमेरिकन मराठी मिशन’ सुरू झाले.

हॉल तेव्हा २८ वर्षांचे होते, म्हणजे आज मिशन ट्रिपला जाणाऱ्या तरुणांहून फार मोठे नाहीत. फरक पुढच्या आयुष्यात आहे. ते मराठी शिकले, शाळा काढल्या, बायबलच्या मराठी भाषांतराला हात घातला आणि १८२६ मध्ये नाशिक परिसरातल्या दौऱ्यावर पटकीने वारले. मायदेशी परतले ते नाहीतच. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार मुंबईत आणि मग अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्याआधी जोतीराव फुले यांनी पाहिली ती याच फॅरारबाईंची शाळा. १८८९ मध्ये आलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले आणि जवळपास चार दशके काढली. सांगली-मिरजेच्या दरम्यान ‘वानलेसवाडी’ आजही आहे.

या मंडळींचे देव्हारे मांडण्याचे कारण नाही. त्यांचा अंतिम हेतू धर्मप्रसार हाच होता, तो त्यांनी कधी लपवला नाही, आणि इथल्या धर्मांविषयी त्यांनी लिहिलेले बरेच काही आज वाचवत नाही. पण ते इथे राहत होते आणि मराठी बोलत होते. म्हणून त्यांना मराठीत उत्तर देता येत होते. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. शाळेत मुलगी पाठवायची की नाही, हे बाप वर्षभर शाळा पाहून ठरवू शकत होता. दवाखान्यात रुग्ण दगावला तर डॉक्टर दुसऱ्या दिवशी त्याच बाजारपेठेतून जाणार होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गणित बदलले. १९५७ मध्ये जॉर्ज व्हर्वर हा विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन उन्हाळी सुट्टीत स्पॅनिश बायबल वाटायला मेक्सिकोत गेला. त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ स्थापन केली. जेट विमानाने प्रवास तासांवर आणला. जन्मभराचे काम सुट्टीत बसू लागले.

होंडुरासच्या एका घराची किंमत

१९९८ च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ चक्रीवादळाने मध्य अमेरिकेला झोडपले. दहा हजारांहून अधिक माणसे गेली. सर्वाधिक फटका होंडुरासला बसला. डोंगरउतार वाहून गेले, त्यांवरची घरेही गेली. पुढची काही वर्षे उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट तिथे घरे बांधायला जात राहिले.

कर्ट व्हर बीक हे समाजशास्त्रज्ञ अमेरिकी, स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आणि होंडुरासमध्ये दीर्घकाळ वास्तव्य असलेले. एका ख्रिस्ती संस्थेने दोन प्रकारे घरे बांधली होती. काही परदेशी स्वयंसेवकांच्या हातून, काही स्थानिक माणसांच्या. व्हर बीक यांनी दोन्ही प्रकारच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांना आणि परत गेलेल्या स्वयंसेवकांनाही गाठून विचारपूस केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष मिशन वर्तुळात आजही काट्यासारखा रुतून आहे. घर कोणी बांधले याने कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडलेला नव्हता. परदेशी पाहुणे आले याचा आनंद होता, त्यांच्या आठवणीही होत्या. पण निवड करायला सांगितली तेव्हा अनेकांचे म्हणणे पडले की त्या प्रवासाच्या पैशांत आणखी घरे झाली असती तर बरे झाले असते.

आता पैशांचे पाहू. स्थानिक गवंड्यांकडून एक घर दोन-तीन हजार डॉलरमध्ये उभे राहत होते. परदेशी गटाचा विमानखर्च, राहणे, खाणे आणि बांधकाम असा सारा खर्च धरला तर तेच घर सुमारे ३० हजार डॉलरला पडत होते. सातवीतले त्रैराशिक इथे पुरते. एका घराच्या पैशात दहा घरे! शिवाय वादळाने होंडुरासमधल्या माणसांची घरेच गेली नव्हती, कामेही गेली होती. गावात हाताला काम नसलेला गवंडी बसून आहे आणि त्याच्या समोर टेक्सासचा शाळकरी मुलगा विटा रचायला शिकतो आहे, असे ते चित्र. अंदाजपत्रक करणाऱ्या कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याने हा प्रस्ताव पहिल्याच टेबलावर परत पाठवला असता.

व्हर बीक यांच्या पत्नी जो ॲन व्हॅन एन्जेन यांनी त्याआधीच, २००० मध्ये, अशाच एका गटाचा हिशेब मांडला होता. १८ विद्यार्थ्यांनी २५ हजार डॉलर जमवले आणि वसंताच्या सुट्टीत होंडुरासच्या एका अनाथालयात गेले. भिंती रंगवल्या, मैदान झाडले, मुलांशी खेळले. मुले खूश, विद्यार्थी खूश. त्या अनाथालयाचा वर्षाचा खर्च होता ४५ हजार डॉलर. त्यात कर्मचाऱ्यांचे पगार, इमारतीची देखभाल, मुलांचे जेवण आणि कपडे सारे आले. म्हणजे निम्म्याहून अधिक वर्ष चालेल इतका पैसा एका आठवड्याच्या रंगकामावर गेला.

यावर मिशन ट्रिपच्या समर्थकांचे एक उत्तर नेहमी येते आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. ‘मुलगा गेला नसता तर हे पैसेही जमले नसते. आजी नातवाच्या प्रवासाला पैसे देते, होंडुरासच्या अनाथालयाला नाही. आणि एकदा गरिबी डोळ्यांनी पाहिलेला तरुण आयुष्यभर देत राहतो.’ पहिला भाग खरा आहे. माणसे ओळखीच्या चेहऱ्याला पैसे देतात, हे आपल्याकडच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीपासून सर्वांना ठाऊक आहे. पण दुसऱ्या भागाला व्हर बीक यांच्या पाहणीत आधार सापडला नाही. परतलेल्या स्वयंसेवकांनी ‘आपण बदललो’ असे मोठ्या प्रमाणावर सांगितले. देणग्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा देण्यात फारशी वाढ दिसली नाही. आयुष्य बदलून टाकणाऱ्या अनुभवाचा चेकबुकवर परिणाम होऊ नये, हे जरा विचित्रच.

महाराष्ट्राला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बाहेरच्या मदतीने वसवलेल्या गावांत शहरी वसाहतीसारख्या सरळ रांगा आल्या. बैल कुठे बांधायचा आणि कडबा कुठे रचायचा हे आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यात फारसे नव्हते. पण तिथे मदत करणारे सरकार होते, मोर्चा काढता येत होता, आमदाराला धरता येत होते. टेगुसिगाल्पाच्या विमानतळावरून उडालेल्या गटाला कोण धरणार?

हैती : ‘अनाथ’ मुले, ज्यांना आईबाप होते

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत सात रिश्टरचा भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स जमीनदोस्त झाली. सतराव्या दिवशी, २९ जानेवारीला, शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर एक बस अडवण्यात आली. बसमध्ये ३३ मुले आणि दहा अमेरिकी स्वयंसेवक होते. बहुतेक जण आयडाहो राज्यातल्या बाप्टिस्ट चर्चचे सदस्य. त्यांचे म्हणणे, ही भूकंपात अनाथ झालेली मुले असून त्यांना सीमेपलीकडे उभारल्या जाणाऱ्या अनाथालयात नेत आहोत. मुलांना देशाबाहेर नेण्याची कागदपत्रे मात्र नव्हती.

चौकशीत पुढे आले की बहुतेक मुलांचे आईबाप हयात होते. कित्येकांनी स्वतःच मुले सोपवली होती. त्यांना शिक्षण मिळेल असे सांगण्यात आले होते. पोहण्याचा तलाव आणि फुटबॉलचे मैदान असलेल्या जागेची वर्णने त्यांच्यापुढे ठेवली गेली होती. घर कोसळलेल्या आईने हे ऐकून काय करावे? तिने मूल दिले म्हणजे तिने संमती दिली, असे म्हणणे कायद्यालाही जड जाते. दहाही जणांना अटक झाली. फेब्रुवारीत आठ जण सुटले, मार्चमध्ये नववा. गटाच्या प्रमुख महिलेला मे महिन्यात बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवून, भोगलेली कोठडी हीच शिक्षा धरून सोडण्यात आले. त्या नऊ जणांतले अनेक जण तर आपण नेमके काय करतो आहोत याची पूर्ण कल्पना नसताना, भूकंपग्रस्तांना मदत म्हणून गेलेले होते. हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करणारी आहे.

हैतीच्या अनाथालयांतील सुमारे ८० टक्के मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, असे या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षे सांगत आहेत. कंबोडिया आणि नेपाळमध्येही हाच अनुभव. कारण साधे आहे. अनाथालयाला पाहुणे येतात, पाहुण्यांबरोबर डॉलर येतात, आणि पाहुण्यांना भेटायला मुले लागतात. मग दलाल गावोगाव फिरून ‘शहरात शिकवतो’ म्हणून मुले आणतात. दर पंधरा दिवसांनी नवा गट येतो, मुलांना कडेवर घेतो, लळा लावतो आणि निघून जातो. पाच वर्षांच्या पोराच्या आयुष्यात अशी किती माणसे येऊन जात असतील? २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना ऑस्ट्रेलियाने अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतील स्वयंसेवेच्या नावाखालच्या पर्यटनाने मुलांना अपाय होतो, असे ठरावात नोंदवले. त्यानंतर अनेक ख्रिस्ती संस्थांनी अनाथालयभेटी बंद केल्या आणि तोच पैसा मुलांना घरी ठेवू पाहणाऱ्या कुटुंबांकडे वळवला. याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

स्वयंसेवकांच्या जिवालाही धोका असतोच. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैतीतच ओहायोच्या एका मिशन संस्थेच्या १७ जणांचे टोळीने अपहरण केले. ते एका अनाथालयाला भेट देऊन परतत होते आणि त्यांच्यात लहान मुलेही होती. डिसेंबरपर्यंत सर्वांची सुटका झाली. पण त्याच काळात टोळ्या शेकडो हैतीयनांना पळवून नेत होत्या आणि त्यांची नावे जगाला आजही ठाऊक नाहीत.

सलाइन लावायचे कोणी?

विटा वाकड्या रचल्या तर भिंत पाडता येते. औषधाचे तसे नाही. युगांडातील जिंजा शहरात व्हर्जिनियाहून आलेल्या एका तरुणीने वयाच्या विशीत कुपोषित मुलांसाठी ‘सर्व्हिंग हिज चिल्ड्रन’ हे केंद्र सुरू केले. तिच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. नोकरीवर परिचारिका होत्या, पण उपचारांत तिचा स्वतःचा सहभाग किती होता, यावरून पुढे मोठा वाद झाला. २०१० ते २०१५ या काळात दाखल झालेल्या ९४० मुलांपैकी १०५ मुले दगावली. २०१५ मध्ये जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी केंद्र बंद केले. २०१९ मध्ये दोन मातांनी एका महिला कायदा संघटनेच्या मदतीने न्यायालयात धाव घेतली. आपण कधीही डॉक्टर असल्याचे भासवले नाही, असे त्या तरुणीचे म्हणणे होते. २०२० मध्ये तडजोड झाली. दोषाची कबुली न देता प्रत्येक मातेला साडेनऊ हजार डॉलरच्या आसपास भरपाई ठरली.

न्यायाची बाजू म्हणून हेही नोंदवायला हवे, की तिथे येणारी मुले मुळातच मरणाच्या दारात असत आणि त्या भागातली सरकारी व्यवस्था तोकडी होती. प्रत्येक मृत्यू तिच्या माथी मारता येणार नाही. पण व्हर्जिनियात त्याच तरुणीला एखाद्या आजारी बाळाच्या हाताला सुई टोचू दिली असती का? ज्या देशात परवान्याशिवाय केस कापता येत नाहीत, तिथली माणसे परदेशात जाऊन बाळावर उपचार करू शकतात, कारण तिथे अडवणारा निरीक्षक नसतो आणि गोऱ्या पाहुण्याला ‘तुमचे प्रमाणपत्र दाखवा’ म्हणायचे धाडस नसते. ‘नो व्हाइट सेव्हिअर्स’ ही मोहीम युगांडात याच संतापातून उभी राहिली.

दुसरे टोकही आहे. १९७८ मध्ये सुरू झालेली ‘मर्सी शिप्स’ ही ख्रिस्ती संस्था रुग्णालयाचे जहाज घेऊन आफ्रिकेच्या बंदरांत महिनोन्महिने थांबते. तिथे काम करणारेही स्वयंसेवकच, स्वतःचा खर्च स्वतः करणारे. मात्र ते प्रशिक्षित शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका असतात. जहाज त्या देशाच्या सरकारच्या निमंत्रणावरून येते आणि स्थानिक डॉक्टरांना शिकवणे हा कामाचाच भाग असतो. दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू, चेहऱ्यावरच्या गाठी अशा शस्त्रक्रिया होतात. स्वयंसेवा म्हणजे नवखेपणा असे समीकरण कुठेही लिहिलेले नाही.

भारतात नियम काय?

भारतात मिशनरी कामासाठी व्हिसाचा वेगळा प्रकार आहे. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही, आणि हा नियम सर्व धर्मांना सारखाच लागू आहे. एप्रिल २०२० मध्ये तबलिगी जमातच्या ९६० परदेशी नागरिकांना काळ्या यादीत टाकले गेले ते याच कारणावरून. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांच्या पालकांना बहुधा माहीत नसलेली बाब म्हणजे, मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ‘ओसीआय’ कार्ड असले तरी भारतात मिशनरी किंवा तबलिगी काम करण्यासाठी विशेष परवानगी लागते. कॉलेजच्या गटासोबत ‘सेवेसाठी’ भारतात येणाऱ्याने आपला कार्यक्रम नेमका कोणत्या सदरात मोडतो हे आधीच विचारून घेतलेले बरे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकी तरुण पर्यटक व्हिसावर आला आणि अंदमानच्या नॉर्थ सेंटिनल बेटावर धर्मप्रचारासाठी उतरून प्राणाला मुकला. त्या बेटावर जायला बंदी आहे, कारण तिथल्या लोकांना बाहेरच्या साध्या आजारांचीही प्रतिकारशक्ती नाही. तो गेला त्याची जगभर बातमी झाली. त्याला पैसे घेऊन बेटाजवळ सोडणाऱ्या मासेमारांसह सात जणांना अटक झाली, त्यांची आठवण फारशी कोणाला राहिली नाही.

मग जाऊच नये का?

असे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. परमुलखात जाऊन सेवा करण्याची ओढ माणसाला चांगल्या जागी नेऊ शकते, आणि त्याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. गोव्याचे जोसेफ वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरले. तिथे तेव्हा डचांची सत्ता होती आणि कॅथलिक पंथावर बंदी. वाझ तमीळ आणि सिंहली शिकले, कँडीत कैदही भोगली. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली आणि लोक रुग्णांना टाकून पळाले, तेव्हा वाझ यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना राहू दिले ते एका बौद्ध राजाने. २४ वर्षे काढून १७११ मध्ये ते कँडीतच वारले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कोलंबोत संतपद दिले. चोवीस वर्षे कोणी द्यावीत अशी अपेक्षा आज विद्यार्थ्यांकडून करता येणार नाही. पण भाषा शिकणे, यजमानांच्या नियमात राहणे आणि साथ आल्यावर न पळणे या गोष्टी वर्षांच्या संख्येवर अवलंबून नाहीत.

अमेरिकेतल्या मिशन संस्थांनी २००३ मध्ये अल्पकालीन प्रवासांसाठी आचारमानके तयार केली. यजमानांशी भागीदारी, योग्य प्रशिक्षण, परतल्यानंतरचा पाठपुरावा असे त्यांचे स्वरूप. मानके चांगली आहेत. ती पाळणे ऐच्छिक आहे, इथेच घोडे पेंड खाते. जो ॲन व्हॅन एन्जेन यांची सूचना त्याहून थेट होती. दुरुस्त करायला नव्हे, शिकायला जा. होंडुरासमध्ये काय चालले आहे, तिथली गरिबी कुठून आली, त्यात आपल्या देशाचा वाटा किती, हे तिथल्या माणसांकडून ऐका. या प्रवासाला ‘सेवा’ हे नाव देऊ नका. नाव बदलले की निम्मा घोळ आपोआप मिटतो, कारण शिकायला आलेला पाहुणा दुसऱ्याच्या मुलाला सुई टोचत नाही आणि गवंड्याच्या हातातली थापी काढून घेत नाही.

ज्या मराठी घरात सध्या असा प्रवास ठरतो आहे, मग तो न्यू जर्सीतल्या मुलीचा असो, वसईतल्या मुलाचा असो किंवा मडगावच्या तरुणांच्या गटाचा, तिथे पैसे भरण्याआधी आयोजकांना काही गोष्टी बिनदिक्कत विचाराव्यात. हे काम कोणी मागितले, आणि मागणी लेखी आहे का? गेल्या वर्षीच्या गटाने बांधलेले घर आज कोणत्या अवस्थेत आहे, तिथल्या कुटुंबाशी दूरध्वनीवर बोलता येईल का? मुलांच्या वसतिगृहात नेणार असाल तर त्या मुलांचे पालक कुठे आहेत? काही बिघडले तर तक्रार कोणाकडे करायची, त्या देशातला पत्ता कोणता? आणि बांधकाम असेल तर, गावात गवंडी किती आहेत आणि यंदा त्यांच्या हाताला काम आहे का?